साक्षीदार आणि हुतात्मा

ग्रीक भाषेत ‘मार्तुस’ म्हणजे न्यायासनापुढे साक्ष देणारा. ख्रिस्तनिष्ठा न सोडता मरण पत्करणाऱ्यांना हा शब्द दुसऱ्या शतकात रूढ झाला, आणि अरबी ‘शहीद’च्या मुळाशीही साक्षच आहे. मराठी ‘हुतात्मा’ मात्र यज्ञातून आला, कारण हुत म्हणजे अग्नीत अर्पिलेले. आद्य ख्रिस्ती विचाराला साक्षच अधिक जवळची होती, आणि तेच योग्य होते: स्मर्नाचे बिशप पॉलिकार्प यांच्या मृत्यूच्या वृत्तांतात आपणहून पुढे झालेला क्विंटस श्वापदे पाहून डगमगल्याचे सांगून मरणाकडे धाव घेणे स्पष्टपणे अमान्य ठरवले आहे. मरणाकडे धाव न घेता साक्ष देणाऱ्यांपैकीच एक, वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानला गेले ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले, आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले.