एका कातड्याला आठ सुऱ्या, मग बंदूक कितीला?

या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

रोजच्या वापराच्या सुरीवर किती खर्च करायचा आणि बंदुकीवर किती? प्रश्न आजचा वाटतो, पण याचा लेखी हिशेब जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचा सापडतो. तोही कॅनडाच्या उत्तरेला, हडसन उपसागराच्या काठावर.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला लग्नात मुंबई मिळाली आणि १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, हे आपण शाळेत वाचलंय. याच राजानं दोनच वर्षांनी, २ मे १६७० रोजी, दुसऱ्या एका कंपनीला सनद दिली: हडसन्स बे कंपनी. इकडे मसाले आणि कापड, तर तिकडे बीव्हर. बीव्हरच्या लोकरीपासून युरोपातल्या श्रीमंतांच्या टोप्या बनायच्या.

तिकडे नाणी चालत नव्हती. म्हणून कंपनीनं हिशेबासाठी एकक ठरवलं, 'मेड बीव्हर', म्हणजे हिवाळ्यात मिळालेलं एक चांगलं, तयार केलेलं कातडं. प्रत्येक वस्तूचा भाव याच एककात. १७३३ च्या दरपत्रकात एका कातड्याला एक पितळी किटली मिळायची, किंवा दीड पौंड बंदुकीची दारू, किंवा एक गॅलन ब्रँडी. दोन्ही दारू एकाच भावात! आणि सुऱ्या? एका कातड्याला आठ.

आता बंदूक. पिस्तूल चार कातड्यांना आणि लांब बंदूक साधारण दहा ते बारा कातड्यांना. ठाण्यागणिक भाव थोडा बदलायचा. गुणाकार करा: एका बंदुकीच्या किमतीत ८० ते ९६ सुऱ्या.

इथे एक लोकप्रिय गोष्ट खोडायला हवी. 'बंदूक उभी करायची आणि तिच्या उंचीएवढी कातडी रचायची, म्हणून कंपनीनं नळ्या मुद्दाम लांब केल्या' असं सर्रास सांगतात. पण दर ठरलेला होता आणि तो उंचीवर नव्हता. शिवाय गिऱ्हाईक काही भोळं नव्हतं. जंगलात, होडीत वागवायला हलकी बंदूक बरी, म्हणून लोक तीच मागायचे. १७२८ मध्ये यॉर्क फॅक्टरीचा प्रमुख थॉमस मॅक्लिश यानं लंडनला तक्रार कळवली होती, की बंदुकीची दारू, किटल्या आणि कुऱ्हाडी यांवरून इथले लोक आम्हाला फार बोल लावतात, विशेषतः फ्रेंचांच्या जवळ राहणारे. बरोबरच आहे. शेजारी दुसरं दुकान असलं की गिऱ्हाईक दर्जा बघतंच.

आता खरा हिशेब. आमच्या क्षेत्रात वस्तूची किंमत म्हणजे फक्त खरेदीची किंमत नसते, चालवायचा खर्चही धरतात. सुरीला काय लागतं? धार लावायला दगड. बंदुकीला दारू, शिसं, चकमक आणि बिघडली तर ठाण्यावरचा कारागीर, म्हणजे शेकडो मैलांची होडीची वाट. थंडीत नळीच्या तोंडाशी बर्फ अडकला आणि बार काढला, तर नळी फुटून बोटं जायची.

आणि काम कुणाचं जास्त? कातडं सोलणं, मांस कापणं, बर्फात चालायचे जाळीदार जोडे आणि भूर्जाच्या सालीची होडी बनवणं, सगळं सुरीचं. लोखंड येण्यापूर्वी कोरीवकामाला बीव्हरचाच दात वापरायचे. म्हणजे आधी बीव्हरचा दात हीच सुरी आणि नंतर बीव्हरच्या कातड्यावर सुरी! गंमत अशी, की बीव्हर धरायलाही बंदूक फारशी कामाची नव्हती. छऱ्यानं कातडं खराब होतं. बर्फ फोडायची पहार आणि जाळं हीच खरी साधनं.

मग दहा-बारा कातडी बंदुकीवर का घालवायची? एक कारण शिकार: हंस, मूस यांसारखी. दुसरं कारण मात्र शेजारी.

कंपनीची ठाणी क्री लोकांच्या मुलखात होती, म्हणून बंदुका आधी त्यांच्याकडे आल्या. उत्तरेच्या डेने लोकांकडे त्या नव्हत्या. मारामाऱ्यांत डेनेंची माणसं मरत होती, बायका पकडून नेल्या जात होत्या. त्यांतलीच एक थॅनाडेल्थर. क्रींच्या तावडीतून ती निसटली आणि १७१४ च्या नोव्हेंबरात यॉर्कला पोचली. तिथला गव्हर्नर जेम्स नाइट याला डेनेंशी व्यापार हवा होता, पण भांडण थांबल्याशिवाय तो होणार नव्हता. १७१५ च्या उन्हाळ्यात विल्यम स्टुअर्ट आणि सुमारे दीडशे क्री यांच्याबरोबर ती निघाली. वाटेत उपासमार झाली, माणसं पांगली. शेवटी ती एकटी पुढे गेली, आपल्या लोकांना समजावून घेऊन आली आणि तह घडवला. ५ फेब्रुवारी १७१७ रोजी ती आजारानं गेली. त्याच वर्षी चर्चिलला नवं ठाणं उभं राहिलं आणि डेनेंनाही बंदुका मिळण्याची वाट खुली झाली.

मला या दरपत्रकातून हेच दिसतं. सुरीवरचा खर्च आपली गरज ठरवते. किती कापायचंय, तेवढ्या सुऱ्या. बंदुकीवरचा खर्च बराचसा शेजारी ठरवतो: त्याच्याकडे आहे, मग आपल्याकडे नसून कसं चालेल? क्रींनी बंदुका घेतल्या, त्यानं डेनेंची गरज तयार झाली. दोघांची कातडी मात्र लंडनच्या एकाच गोदामात जमा होत होती.

म्हणून ८० सुऱ्या की एक बंदूक, या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी पलीकडच्या काठावर कोण राहतं आणि त्याच्याशी आपलं बोलणं आहे की नाही, एवढं विचारायला हवं. थॅनाडेल्थरनं नेमकं त्याच बाजूनं काम केलं.

भेटू पुढच्या भागात.