यंत्राला तारीख सांगताना

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, आपल्या वतीनं परस्पर कामं उरकणारे प्रोग्राम आता आले आहेत. त्यांच्या हाताशी एक छोटं साधन असतं : एका पद्धतीनं लिहिलेली तारीख द्यायची, दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेली परत घ्यायची. त्या साधनाचं माहितीपत्रक कसं लिहावं, हा आजचा विषय. इतिहासाच्या व्याख्यानात हे कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. पण बारामती-इंदापूरकडे हा उद्योग शतकानुशतकं चालत आलाय, आणि त्यातली चूक शेवटी कुणाच्या तरी जमिनीपर्यंत जाते.

पानिपतचाच दिवस घेऊ. १४ जानेवारी १७६१. पंचांगात तो पौष शुद्ध ८, शके १६८२. हिजरीत ७ जमादिलाखर ११७४. आणि मराठी दफ्तराच्या सुहूर सनात ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. ५९९ कधी आणि ६०० कधी? सुहूर वर्ष सूर्य मृगात गेला की सुरू होतं. तेव्हा मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, पुढल्या मृगापर्यंत ६००. सुप्याच्या किंवा इंदापूरच्या कुलकर्ण्याला हे कुणी लिहून द्यावं लागत नव्हतं. मृग लागला हे त्याला दारातून दिसायचं. कागदावर अर्धीच तारीख असे, उरलेली गावाच्या डोक्यात.

अडचण झाली ती बाहेरच्या माणसाची. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी आकारणी केली, सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. साहेबाचं ते वर्ष इथल्या फसली सनात १२४५. तीस वर्षं मोजायची तर कुठल्या वर्षापासून, कुठल्या महिन्यापासून, हे आता कागदावरच यायला हवं होतं.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सूएलबरोबर १८९६ मध्ये ‘द इंडियन कॅलेंडर’ काढलं ते याच गरजेपोटी. शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकांसाठी तर ते होतंच, पण कोर्टकचेऱ्यांसाठीही होतं. दस्तावरची तिथी खरी की खोटी, हे न्यायाधीशाला तपासता यावं म्हणून. त्यात नुसती कोष्टकं नाहीत. हा शक कुठे चालतो, वर्ष चैत्रात लागतं की कार्तिकात, महिना पौर्णिमेला संपतो की अमावास्येला, हे आधी सांगितलंय. आमच्या मते चांगल्या माहितीपत्रकाचा इतका उत्तम नमुना आजच्या संगणकवाल्यांनाही सापडणार नाही.

नैयायिक म्हणतात, वाक्याचा अर्थ लागायला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात. (आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंय, एवढी सूट द्या.) नुसत्या ‘११/८’ची आकांक्षा पुरी झालेली नसते. ऐकणारा गावातला असला तर मनानं भरून घेतो. यंत्रही भरून घेतं, पण कुठल्या गावचं?

हे हवेतलं नाही. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साह्यानं उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आहे. समजा, असल्या एखाद्या मदतनिसाला शेतकऱ्यानं लागवड सांगितली ११/८. आपल्या लेखी ११ ऑगस्ट, म्हणजे आडसाली ऊस. अमेरिकी रीतीनं ८ नोव्हेंबर, म्हणजे पूर्वहंगामी. ८९ दिवसांचा फरक. खताचं नि पाण्याचं सगळं वेळापत्रक हललं. पुन्हा ‘यंदा’ म्हणजे काय? महसुलाचं वर्ष १ ऑगस्टला लागतं, सरकारी हिशेबाचं १ एप्रिलला, साखरेचं १ ऑक्टोबरला. पहाटे तीनला पाटाची पाळी आली, तर जागतिक प्रमाणवेळेत अजून आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात.

आयएसओ ८६०१ या प्रमाणानं आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम लावून दिला. तारीख परत देताना तो बरा. पण माणसानं दिलेली तारीख कशी वाचायची, ते साधनाच्या पत्रकातच हवं : कोणतं पंचांग धरलंय, वर्ष कधी लागतं, कुठली घड्याळवेळ, आणि दोन अर्थ निघत असतील तर अंदाज न करता उलट विचारायचं. ही शेवटची सूचना हटकून गळते, आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची.

आता शिवजन्माची तारीख. फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ही ज्युलियन तारीख आहे, आजच्या ग्रेगरियन मोजणीनं १ मार्च. बहुतेक प्रोग्राम मात्र ग्रेगरियन पंचांगच मागे ताणत नेतात. पायथनच्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. साधनाला १९ फेब्रुवारी १६३०चा वार विचारा, ते मंगळवार सांगेल. हिशेबात कुठंही चूक नसेल. वार शुक्रवार होता.