हमालाचा अंतर्गळ

लोणंदच्या कांदाबाजारात लिलाव उरकला, की पोती पाठीवर चढू लागतात. त्या गडबडीत एखादा गडी पोते टाकून भिंतीला टेकतो आणि जांघेत हात दाबून धरतो. विचारले तर म्हणतो, "काही नाही, जरा चमक भरली." हमालांच्या संघटनेत आमची हयात गेली, ही चमक आम्ही ओळखतो. तिचे नाव अंतर्गळ. गडी ते लपवितो, कारण नाव फुटले की टोळीतली त्याची पाळी जाते.

हा विकार गाठीचा नव्हे, भिंतीचा आहे. पोटाच्या स्नायूंच्या भिंतीत काही जागा मुळातच कच्च्या असतात. पुरुषाच्या जांघेत सुमारे ४ सेंटिमीटर लांबीची तिरपी वाट आहे. जन्मापूर्वी वृषण पोटातून तिनेच खाली उतरतात. त्यांच्यामागची पातळ पिशवी मिटली नाही, तर पुढे केव्हातरी आतडे तीत शिरते. दुसऱ्या प्रकारात वाटेची मागील भिंतच उतारवयात सैल पडते. बेंबीचा आणि जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातला, हे आणखी दोन. मांडीच्या मुळाशी होणारा मात्र पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, आणि तो लवकर अडकतो.

सुश्रुताने वृद्धीचे सात प्रकार सांगितले. त्यांत अंत्रवृद्धी एक. तिच्या कारणांत त्याने ओझे वाहणे, बलवानाशी झुंज आणि झाडावरून पडणे ही घातली आहेत. म्हणजे हमाल वैद्यकाच्या पोथीत फार पूर्वीच येऊन बसला आहे! जांघेतच असलेली वृद्धी अर्धचंद्राकृती सळईने डागून वाट बंद करावी, वृषणकोशात उतरलेली सोडून द्यावी, असे त्याचे मत. वाट बंद करण्याची कल्पना बरोबर होती. साधन तेवढे निखाऱ्याचे. इटलीतील पादुआ येथे बासिनी याने १८८४ साली ती भिंत टाक्यांनी नीट बांधून दाखविली. पुढे कृत्रिम जाळी आली, आणि तिच्याबरोबर तिची किंमतही. तेव्हा आपल्या धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्र टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. २००३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. युगांडात ३०२ पुरुषांवर केलेल्या चाचणीत स्वस्त जाळी वर्षभरानंतर महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. तो अहवाल २०१६ चा.

आता भांडणाचा मुद्दा. भरपाई मागितली, की मालक म्हणतो, "दोष जन्मजात आहे." आम्ही संघटनेचे लोक, तरीही खोटे बोलणार नाही. ओझे हे एकटे कारण नव्हे. जुनाट खोकला, शौचास कुंथणे, वय, घराण्यातली ठेवण, सारे त्यात असते. पण कच्च्या भिंतीवर दिवसभर पोती आदळणार कोण, हे जन्माने ठरलेले नसते. पूर्वी १०० किलोचे पोते एकाच पाठीवर चढे. सातारा जिल्ह्याचेच अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद आणि भविष्यनिर्वाह निधी त्यामुळे मिळाला. जांघेतली वाट कायद्याने बंद होत नाही.

आमचा एक जोडीदार तीन वर्षे पट्टा कसून पोती वाहत होता. एका संध्याकाळी गाठ आत जाईना, ती दगडासारखी कडक झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते मरते. तो पहाटेपर्यंत थांबला, कारण दुसऱ्या दिवशी बाजार होता. हातभर आतडे कापावे लागले. तो वाचला, पोते मात्र पुन्हा उचलले नाही. आता तो गेटाजवळ बसून आलेल्या गाड्या मोजतो, आणि जांघेत हात धरणारा गडी दिसला की आम्हांला हाक मारतो.