चित्र-अटॅचमेंट चुकीच्या प्रोग्राममध्ये उघडणे

ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेल्या चित्राच्या फाइलवर डबल क्लिक केले, की ती फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामऐवजी पेंट, ब्राउझर, फोटोशॉप किंवा नोटपॅड अशा भलत्याच ठिकाणी उघडण्याची संगणकीय अडचण. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची, याची नोंद प्रत्येक संगणक स्वतःजवळ ठेवतो. नोंदीतल्या त्या प्रोग्रामला डीफॉल्ट प्रोग्राम म्हणतात. दोष बहुतेक वेळा या नोंदीत असतो. चित्र शाबूत असते.

महत्त्व : बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातील कऱ्हाकाठचे कऱ्हाटी असो की इंदापूर तालुक्यातील उजनीकाठचे एखादे गाव, सातबारा, दाखले आणि विमा यांची कामे आज सेवा केंद्रातल्या संगणकावरून होतात. 2016 पासून लागू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीला संरक्षण असेल, तर तिची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते आणि नुकसानीचा फोटो हा शेतकऱ्याचा मोठा आधार असतो. मेलवर पाठवलेला असा फोटो केंद्रात नोटपॅडमध्ये उघडला आणि ‘फोटो खराब आलाय, परत काढून आणा’ असे सांगितले गेले, तर शेतकरी शिवारात पोहोचेपर्यंत कांद्याच्या वाफ्यातल्या गारा वितळून गेलेल्या असतात. म्हणून ‘उघडत नाही’ आणि ‘बिघडला आहे’ यांतला फरक ओळखणे हे संगणकापुढे बसणाऱ्याचे पहिले काम आहे.

पार्श्वभूमी : मेलसोबत चित्रे व आवाज पाठवण्याची ‘माइम’ ही पद्धत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 1992 मध्ये मांडली. बोरेनस्टाइन यांनी त्याच वर्षी मार्च महिन्यात पाठवलेल्या पहिल्या नमुना संदेशात चौघा गायकांचा एक फोटो आणि त्यांचे गाणे होते. या पद्धतीत प्रत्येक अटॅचमेंटवर ‘हे जेपीईजी चित्र आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी लागते. जेपीईजी हे छायाचित्रांचे प्रमाणित स्वरूपही 1992 मधलेच.

कारणे : फाइलची ओळख तीन ठिकाणी असते : मेलवरची माइम चिठ्ठी, नावातल्या टिंबापुढची अक्षरे म्हणजे एक्स्टेन्शन, आणि फाइलच्या आतली पहिली काही चिन्हे. विंडोज प्रामुख्याने एक्स्टेन्शन पाहते. त्यामुळे ‘जेपीजी’ ही अक्षरे गळाली किंवा बदलली, तर आतले चित्र धडधाकट असूनही संगणक गोंधळतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे नवा प्रोग्राम बसवताना ‘सर्व चित्रे यातच उघडावीत’ या खुणेला नकळत दिलेली संमती. तिसरे म्हणजे एकदाच वापरायचा म्हणून निवडलेला प्रोग्राम कायमचा नोंदवला जाणे. सेवा केंद्रातला एकच संगणक दिवसभर अनेकांच्या हाताखालून जातो, म्हणून तिथे हे वारंवार घडते.

दुरुस्ती : आधी अटॅचमेंट डाउनलोड करून घ्यावी. जीमेलमध्ये दिसणारे पूर्वदृश्य ब्राउझरच दाखवतो. त्याचा डीफॉल्ट प्रोग्रामशी संबंध नसतो. मग फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ आणि त्यातील ‘चूज अनदर अॅप’ निवडावे, यादीतून ‘फोटोज’ घ्यावे. विंडोज 11 मध्ये ‘ऑल्वेज’ हे बटण दाबावे. विंडोज 10 मध्ये ‘ऑल्वेज यूज धिस अॅप’ या चौकटीत टिक करावी. ही शेवटची पायरी राहिली, तर पुढच्या फाइलला तेच रडगाणे. सेटिंग्जमधील ‘अॅप्स’ व ‘डीफॉल्ट अॅप्स’ येथूनही बदल करता येतो. जेपीजी, जेपीईजी, पीएनजी ही एक्स्टेन्शन संगणक वेगवेगळी मोजतो, म्हणून प्रत्येकाची नोंद तपासावी. मॅकवर ‘गेट इन्फो’मधील ‘ओपन विथ’खाली प्रोग्राम निवडून ‘चेंज ऑल’ करावे. अँड्रॉइड फोनवर चुकीच्या अॅपच्या माहितीत जाऊन त्याची डीफॉल्ट नोंद पुसावी.

खूण : फोटो नोटपॅडमध्ये उघडला, की पडदाभर वेड्यावाकड्या चिन्हांचा सडा दिसतो. घाबरून जाऊ नये. पहिल्या ओळी बारकाईने पाहाव्यात. तिथे ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ अशी रोमन अक्षरे आढळली, तर फाइल जेपीईजी आहे. ‘पीएनजी’ आढळले, तर ती पीएनजी आहे. मात्र ही खिडकी ‘सेव्ह’ न करता बंद करावी. नोटपॅडमधून सेव्ह केल्यास चित्र खरोखरच बिघडते. पेंटमध्ये उघडलेला जेपीईजी फोटोही पुन्हा सेव्ह करू नये. प्रत्येक वेळी त्यातला थोडा तपशील कमी होतो.

नोंद बदलून न सुटणारी अडचण : 2017 मध्ये आलेल्या आयओएस 11 पासून आयफोन फोटो एचईआयसी स्वरूपात साठवू लागला. विंडोजमध्ये हे स्वरूप वाचण्याची सोय बसवलेली नसेल, तर कोणताही प्रोग्राम निवडून उपयोग होत नाही. नावातले ‘एचईआयसी’ खोडून ‘जेपीजी’ लिहिणे हा उपाय नव्हे. गोणीवरची चिठ्ठी बदलल्याने आतली बाजरी ज्वारी होत नाही. फाइल योग्य प्रोग्राममध्ये उघडून जेपीईजीत रूपांतरित करावी, किंवा आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवावे.

दक्षता : विंडोज एरवी ओळखीची एक्स्टेन्शन लपवून ठेवते. मे 2000 मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ विषाणूने याच सवयीचा फायदा घेतला. साध्या मजकुराची वाटणारी ती फाइल प्रत्यक्षात संगणकाला आज्ञा देणारी होती. म्हणून फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूमधून एक्स्टेन्शन दिसती ठेवावीत. चित्र म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’ किंवा ‘व्हीबीएस’ असेल, तर ती उघडू नये. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा आकार कमी होतो आणि त्यातली वेळ-स्थळाची माहिती निघून जाते. पुराव्याचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मूळ फोटो मात्र दावा निकाली निघेपर्यंत काढणाऱ्याच्या फोनमध्ये जपून ठेवावा.