तेराव्या रस्त्यावरचे सहा खांब

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात वेस्ट तेराव्या रस्त्यावर 143 क्रमांकाची एक इमारत आहे. समोरून पाहिली तर थेट ग्रीक देऊळ. सहा भक्कम डोरिक खांब आणि वर त्रिकोणी माथा. आत मात्र माणसे संसार करतात. 1982 पासून तिथे फ्लॅट आहेत.

1847 मध्ये प्रेस्बिटेरियन पंथीयांनी हे चर्च बांधले. आराखडा सॅम्युएल थॉमसन यांचा मानला जातो, नमुना अथेन्सच्या हेफेस्टस मंदिराचा. ख्रिस्ती प्रार्थनेला मूर्तिपूजकांच्या देवळाचा चेहरा, हे गमतीचे वाटेल. पण त्या काळच्या अमेरिकेला ग्रीक वळण म्हणजे लोकशाहीची खूण वाटे. बँका, कचेऱ्या, चर्च, सगळीकडे तेच खांब. 1855 आणि 1902 मध्ये आग लागली, तरी चेहरा तोच राखला.

इथे कित्येक वर्षे सॅम्युएल बर्चर्ड पाद्री होते. पुढे 1884 च्या अध्यक्षीय निवडणुकीत, हे चर्च सोडल्यावर, त्यांनी विरोधी पक्षाला दारू, रोमन कॅथलिक धर्म आणि बंडखोरी यांचा पक्ष म्हटले. आयरिश कॅथलिक मतदार भडकले. त्यांचा उमेदवार ब्लेन न्यूयॉर्क राज्यात हजार-अकराशे मतांनी पडला आणि अध्यक्षपदही गेले. एका वाक्याची एवढी किंमत!

त्याच चर्चमध्ये 1954 साली पाद्री जेसी स्टिट आणि रब्बी आयर्विंग ब्लॉक यांनी बंधुभावाचा करार केला. एकाच छताखाली ज्यूंची शनिवारची आणि ख्रिश्चनांची रविवारची उपासना होऊ लागली. मला या इमारतीच्या इतिहासातली ही वीसेक वर्षे सर्वांत मोलाची वाटतात. स्टिट यांच्यानंतर मात्र ते जमले नाही. 1974 मध्ये सिनेगॉग बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी चर्चही विसर्जित झाले.

इबादतीची जागा अशी विकली कशी, हा प्रश्न आपल्या वाचकांना पडेल. आपल्याकडे मशिदीची जागा वक्फ, म्हणजे कायमची अल्लाहच्या नावे. प्रेस्बिटेरियन विचारात पावित्र्य भिंतींत नसते, जमलेल्या जमातीत असते. जमात पांगली की उरते ती इमारत. तिलाही पाडता आले नाही, कारण 1969 मध्ये हा सारा परिसर ऐतिहासिक म्हणून जाहीर झाला होता. पण असा कायदा जपतो तो इमारतीचा बाहेरचा भाग. म्हणून वास्तुविशारद स्टीफन जेकब्स यांच्या कामात खांब जसेच्या तसे राहिले आणि जिथे दोन धर्मांचे लोक आळीपाळीने बसत, त्या उंच सभागृहाची घरे झाली.

सिनेगॉग ग्रॅमर्सी पार्कला गेले, क्वेकर पंथाच्या 1859 च्या जुन्या सभागृहात. ती इमारतही दुसऱ्यांनी बांधलेली, तीही शंभरावर वर्षे जुनी. तिथे अजून शनिवारची प्रार्थना होते.