कर्डक, वामन तबाजी

कर्डक, वामन तबाजी : (१५ ऑगस्ट १९२२–१५ मे २००४). आंबेडकरी चळवळीतील लोकशाहीर, कवी व गायक. ‘वामनदादा’ या नावाने सर्वपरिचित. जन्म नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या खेड्यात. बालपणी शाळेचे शिक्षण लाभले नाही. सहा दशके त्यांनी गावोगाव फिरून गीते रचली व गाइली. मराठी प्रबोधनपर गायनाची आजची घडण मुख्यत्वे त्यांच्या रचनापद्धतीतून झाली असून तिचा प्रभाव शाहिरी, कव्वाली व ध्वनिफितींवरील भीमगीते यांवर तर आहेच. परंतु एकविसाव्या शतकात मराठी तरुणांनी आपलासा केलेल्या ‘रॅप’ या लयबद्ध कथनप्रकाराचा विचार करतानाही त्यांचे कार्य ध्यानात घ्यावे लागते.

पूर्वपरंपरा : महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रचारार्थ पुढे जलसे निघाले. तमाशाचा गण, गौळण, बतावणी व वग हा सांगाडा कायम ठेवून त्यातील आशय बदलणे, ही या जलशांची मूळ युक्ती होती. गणात दैवताऐवजी ज्ञानाचे किंवा समाजपुरुषाचे स्तवन येई आणि बतावणीत भिक्षुकशाहीची व सावकारीची खिल्ली उडविली जाई. प्रेक्षकाला परिचित असलेल्या घाटातूनच अपरिचित विचार त्याच्या गळी उतरविता येतो, हे तत्त्व येथे प्रथम सिद्ध झाले.

महाडचा सत्याग्रह (१९२७) व नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०) यांनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीने हेच साधन हाती घेतले. नाशिक परिसरातील भीमराव कर्डक (प्रस्तुत शाहिराहून भिन्न) हे आंबेडकरी जलशांच्या आद्य प्रवर्तकांपैकी होत. वृत्तपत्र वाचू न शकणाऱ्या समाजाला जलसा हेच वृत्तपत्र होते. सभा कोठे आहे, ठराव कोणता झाला, मृत जनावरे ओढण्याचे काम का सोडावे, मुलांना शाळेत का घालावे, हे सारे गाण्यातून कळे. वामनदादांना हा वारसा आयता मिळाला. मात्र जलशासाठी लागणारा मोठा ताफा, वेषभूषा व रंगमंच ही साधने त्यांच्यापाशी नव्हती. या उणिवेतूनच त्यांची स्वतंत्र वाट निघाली.

जीवन : उपजीविकेसाठी वामनदादा तरुण वयात मुंबईस आले व कष्टाची, मिळतील ती कामे करीत कामगारवस्तीत राहू लागले. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत असताना कोणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून मागितले आणि ते त्यांना वाचता आले नाही. या प्रसंगाची खंत बाळगून त्यांनी प्रौढपणी मुळाक्षरे गिरविली व दुकानांवरील पाट्या जुळवीत वाचन पक्के केले, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. समता सैनिक दलाच्या कार्यातून त्यांचा चळवळीशी संबंध आला. १९४३ मध्ये त्यांनी एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर आपली पहिली विडंबनपर रचना केली. त्याच वर्षी त्यांना डॉ. आंबेडकरांचे प्रथम दर्शन घडले. पुढील आयुष्य त्यांनी गायनालाच वाहिले.

सांगत्ये ऐका (१९५९) या गाजलेल्या मराठी चित्रपटासाठी त्यांनी गीतलेखन केले. तथापि चित्रपटसृष्टीत ते स्थिरावले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेले धर्मांतर आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर रोजी झालेले डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण यांमुळे समाजापुढे नवा धम्म समजावून घेण्याचे व नेतृत्वाची पोकळी सोसण्याचे दुहेरी आव्हान उभे होते. अशा काळात खेड्यापाड्यांत जाऊन धीर देणारा आवाज अत्यावश्यक होता. वामनदादा मिळेल त्या वाहनाने, प्रसंगी पायी प्रवास करीत आणि वस्तीतच मुक्काम करीत. त्यांनी सुमारे दहा हजार गीते रचल्याचे सांगितले जाते. वाटचाल (१९७३), मोहळ (१९७६) व हे गीत वामनाचे (१९७७) हे त्यांचे काव्यसंग्रह होत. नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

रचनेची वैशिष्ट्ये : वामनदादांच्या रचनेचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे परक्या चालीचा निःसंकोच स्वीकार. चित्रपटगीत, लावणी, पोवाडा, कव्वाली, गझल, ओवी यांपैकी जी चाल श्रोत्यांच्या कानात आधीच घुमत असेल, ती ते उचलीत. नागर समीक्षेने अशा गीतांकडे दीर्घकाळ उसनवारी म्हणून पाहिले. परंतु या पद्धतीमागे व्यवहाराचे पक्के गणित होते. चाल ठाऊक असल्याने नव्या गाण्याचा सराव करावा लागत नसे. पेटी व ढोलकी एवढ्यावर कार्यक्रम उभा राही. आणि एकदा ऐकलेले गीत दुसऱ्या दिवशी शेतात खुरपणी करणाऱ्या स्त्रियांच्या तोंडी जाई. गीताच्या प्रसारासाठी कागद, छापखाना वा पैसा यांपैकी कशाचीच गरज उरत नसे.

दुसरे वैशिष्ट्य भाषेचे. त्यांची शब्दकळा बोलीतील असून ती प्रमाण मराठीशी फटकून वागत नाही. अंत्ययमकांची व अंतर्गत यमकांची दाट वीण, छोटे चरण आणि प्रश्नार्थक ध्रुपद ही त्यांची हत्यारे होत. देशातील बड्या उद्योगपतींची नावे एकामागून एक घेऊन संपत्तीतील श्रमिकांचा वाटा कोठे आहे, असा सवाल करणारे त्यांचे गीत हा याचा उत्तम नमुना होय. अर्थशास्त्रातील वितरणाचा प्रश्न तेथे बाजारातील हिशेब मागावा इतक्या साधेपणाने मांडला आहे.

तिसरे वैशिष्ट्य नाममुद्रेचे. संतांच्या अभंगाप्रमाणे व शाहिरांच्या कवनाप्रमाणे गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव ते गुंफीत. परंपरेत ही नम्रतेची खूण असली, तरी येथे तिला वेगळा अर्थ प्राप्त होतो. ज्या समाजाच्या नावावर जमीन, घर वा दस्तऐवज नव्हता, त्यातील एका माणसाने आपल्या निर्मितीवर केलेली ती नोंद होती.

आशयाच्या दृष्टीने त्यांची सर्व गीते गौरवपर नाहीत. बुद्ध, फुले, शाहू व आंबेडकर यांच्या स्तवनाबरोबरच शिक्षण, मद्यपान, भूमिहीनांचा प्रश्न, स्त्रीजीवन हे विषय त्यांनी हाताळले. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात पुढे पडलेल्या फुटींवर त्यांनी कठोर टीका केली. ज्या व्यासपीठावर नेते बसलेले असत, त्याच व्यासपीठावरून ती गाइली जात असल्याने शाहीर हा चळवळीचा भाट नसून तिचा पहारेकरी होय, ही भूमिका रूढ झाली.

मराठवाड्यातील प्रसार : मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत असल्याने तेथील दलित समाजाला शिक्षणाची व संघटनेची संधी उशिरा मिळाली. १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डॉ. आंबेडकरांनी महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे शिकलेली पिढी गावी परतली, तेव्हा विचार गावकीपर्यंत नेण्याचे काम गायन पार्ट्यांनी केले. भूमिहीनांचा १९६४ मधील देशव्यापी सत्याग्रह आणि गायरान जमिनींसाठीचे लढे यांनी या गीतांना तातडीचा विषय पुरविला.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्यानंतर परभणी, नांदेड आदी जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतच्या सोळा वर्षांत गाणे हे शोकाचे, प्रतिकाराचे व स्मरणाचे साधन बनले. वस्ती सोडून गेलेली कुटुंबे परत आली, ती अशा गाण्यांचे बळ घेऊन. भीमजयंती व बुद्धपौर्णिमा यांच्या निमित्ताने होणारे सामने, त्यांत एका गायन पार्टीने टाकलेला सवाल व दुसरीने दिलेला जबाब, ही कलगी-तुऱ्याची जुनी रीत नव्या आशयासह जिवंत राहिली. पुढे ध्वनिफितींचा सुळसुळाट झाल्यावर सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या हमरस्त्यावरील ठिकाणीही, जेथे सभागृह वा ग्रंथालयाची अपेक्षा करता येत नाही, हे गायन सहज पोहोचू शकले.

उत्तरकालीन प्रभाव : विठ्ठल उमप (१९३१–२०१०) व प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांसारख्या समर्थ गायकांनी भीमगीतांना महाराष्ट्रभर लोकप्रियता मिळवून दिली. मुंबईच्या झोपडपट्टीत राहून गाणारे विलास घोगरे यांनी, घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारानंतर काही दिवसांतच आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या जय भीम कॉम्रेड (२०११) या अनुबोधपटात घोगरे यांच्यासह या परंपरेतील अनेक आवाज ध्वनिमुद्रित झाले आहेत. संभाजी भगत यांनी शाहिरीला नव्या शहरी रंगभूमीशी जोडले. शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला (२०१२) हे जालना जिल्ह्यातील राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले नाटक त्याचे ठळक उदाहरण होय. चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्ट (२०१४) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटात खटल्यात गोवलेला वृद्ध लोकशाहीर केंद्रस्थानी आहे.

वामनदादांची शाहिरी व रॅप यांच्या साम्याचा विचार या पार्श्वभूमीवर करणे उचित ठरेल. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकात जन्मलेल्या क्लाइव्ह कँपबेल ऊर्फ कूल हर्क याने एका घरगुती समारंभात तबकड्यांतील तालाचे तुकडे जोडून वाजविले. हा प्रसंग हिपहॉप संगीताचा प्रारंभबिंदू मानला जातो. वाटचाल हा वामनदादांचा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, हा निव्वळ योगायोग होय. दोन्ही परंपरांत प्रत्यक्ष देवाणघेवाण झाल्याचे मानण्यास आधार नाही. परंतु दोहोंची परिस्थिती सारखी असल्याने उपायही सारखे निघाले. स्वतःचा वाद्यवृंद नसलेल्याने दुसऱ्याच्या तबकडीतील ताल घेणे व वामनदादांनी चित्रपटाची चाल घेणे, यांमागील तर्क एकच आहे. यमकांची दाट वीण, वस्तीतील घडामोडींचे निवेदन, प्रतिस्पर्ध्याशी शब्दांचा सामना आणि कवनात स्वतःचे नाव गोवणे हे घटकही दोन्हीकडे आढळतात. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. रॅपमध्ये सुरापेक्षा उच्चारलेल्या शब्दाच्या लयीला प्राधान्य असते आणि त्यातील ‘मी’ बहुधा स्वतःचे शौर्य वा यश सांगतो. वामनदादांच्या गीतातील ‘मी’ मात्र समूहाचा साक्षीदार म्हणून बोलतो.

गली बॉय (२०१९) या हिंदी चित्रपटाने मुंबईच्या झोपडपट्टीतील रॅपला देशभर ओळख मिळवून दिली. मराठीतही हा प्रकार मुंबई, पुणे, विदर्भ व मराठवाडा येथील तरुणांनी स्वीकारला. ‘स्वदेशी’ या मुंबईतील बहुभाषक समूहाने आरे वनातील वारली आदिवासींच्या प्रश्नावर प्रकाश भोईर यांच्यासह केलेली रचना (२०१९) पारंपरिक लोकगायन व रॅप यांच्या संयोगाचे उदाहरण म्हणून उल्लेखनीय आहे. ज्या तरुणांनी जयंतीच्या मांडवात भीमगीते ऐकत बालपण घालविले, त्यांना सामाजिक वास्तव तालात सांगण्याची कल्पना परदेशातून शिकावी लागली नाही. परदेशातून आला तो तिचा नवा साज. मराठी रॅपचा इतिहास केवळ अमेरिकन अनुकरणाचा मानणे म्हणूनच अपुरे ठरते.

जतनाचा प्रश्न : वामनदादांच्या गीतांच्या तुलनेत त्यांचे मुद्रित संग्रह थोडे आहेत. उर्वरित गीते गायकांच्या वह्यांत, जुन्या ध्वनिफितींत व श्रोत्यांच्या स्मरणात विखुरलेली आहेत. ध्वनिफितींच्या वेष्टनांवर अनेकदा गायकाचेच नाव ठळक असे. गायन पार्ट्या वेळेअभावी शेवटचे कडवे गाळीत; त्याबरोबर नाममुद्राही गळून पडे आणि गीत निनावी होई. कालांतराने अशी गीते ‘पारंपरिक’ या सदरात जमा होतात. लोकप्रियतेचा हा गौरव वाटला, तरी त्यात निर्मात्याचे श्रेय हरपते. अक्षरओळख प्रौढपणी कष्टाने मिळविलेल्या या कवीच्या बाबतीत ही हानी विशेष जाणवणारी आहे. त्याची गाणी ज्यांनी समोर बसून ऐकली, ती पिढी वृद्ध झाली आहे. तिच्याकडून पाठभेदांसह गीते टिपून, चाल, प्रसंग व स्थळ यांच्या नोंदींसह त्यांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणे हे काम मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकांना अग्रक्रमाने करावे लागेल. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जेथे सामान्य माणसाच्या संघर्षाची लेखी साधने तुटपुंजी आहेत, तेथे ही गीते केवळ वाङ्मय नव्हेत, तर इतिहासाची साधनेही आहेत.