‘अर्धसत्य’ आणि आमची पोलीस लाइन

आमच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला वडिलांचा पट्टा टांगलेला असे. साप्ताहिक सुट्टी मिळालीच, तर ते त्याचं पितळी बक्कल ब्रासो लावून घासत बसत. नायगावच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर अशा वीस, संडास सामायिक. वडील मुंबई पोलिसांत हवालदार. १९८३ साली गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ लागला, तेव्हा आमच्या मजल्यावरची माणसं घरचं कार्य असल्यासारखी बघायला गेली.

तोवर शाळेत मला ‘पांडू हवालदार’ म्हणून चिडवत. दादा कोंडक्यांचा तो सिनेमा १९७५चा. पोलीस म्हटला की हसायचं, एवढंच पोरांना ठाऊक. ओम पुरींच्या सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरला कुणी हसलं नाही.

या सिनेमाचं मूळ मराठी आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिलीप चित्र्यांची कविता. हॉटेलात प्रेयसी ज्योत्स्नासमोर बसून वेलणकर ती कविता सहज वाचायला घेतो आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली खाली जातो. वर्दीतला माणूस आतून कसा चिरत जातो, ते इतक्या कमी हालचालीत मी दुसऱ्या कुठल्या हिंदी सिनेमात पाहिलं नाही. सदाशिव अमरापूरकरांचा गुंड रामा शेट्टीही तसाच. नगरहून आलेला, मराठी रंगभूमीवर घडलेला हा नट मोजक्याच प्रसंगांत येतो, आवाज चढवत नाही, तरी खुर्चीत आपण आक्रसून बसतो. आणि आईवर हात उगारणारा तो पोलीस बाप! अमरीश पुरींना त्या भूमिकेत बघताना आई माझा हात घट्ट धरून होती. लाइनीत असे आवाज भिंतीपलीकडून यायचे. वर्दीतला राग कुठे निघतो, हे पडद्यावर मांडायला धाडस लागतं. निहलानींनी ते केलं.

पण माझी तक्रारही तिथेच सुरू होते. सिनेमा यायच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९८२मध्ये, मुंबईचे पोलीस शिपाई रस्त्यावर उतरले होते. जानेवारीपासून गिरणी संप चालू होता, बंदोबस्ताला अंत नव्हता, आणि पगार, घरं, कामाचे तास यांबद्दल बोलणाऱ्या त्यांच्या संघटनेची मान्यता सरकारनं काढून घेतली. १८ ऑगस्टला शहरात लष्कर बोलवावं लागलं. कित्येक जण बडतर्फ झाले. वडिलांची नोकरी वाचली, पण शेजारच्या खोलीतल्या काकांची गेली. त्यांच्या बायकोनं शिवणयंत्र घेतलं, आणि रात्री उशिरापर्यंत त्याची खडखड आम्हाला ऐकू येई.

हे सगळं ‘अर्धसत्य’च्या चौकटीबाहेर राहिलं. शिपाई आहेत, पण दार उघडायला, सलाम ठोकायला. दुखणं आहे ते एकट्या अधिकाऱ्याच्या मर्दानगीचं. त्यानं पकडलेल्या दरोडेखोराचं श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकतात, तो प्रसंग वडिलांना अगदी पटला. तरी अशी उपेक्षा रोज गिळणारे हजारो जण त्याच ठाण्यात वावरत होते. सिनेमानं त्यांच्याकडे मान वळवायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

त्याहून मोठा दोष शेवटाचा. वेलणकरच्या मारानं कोठडीत एक भुरटा चोर मरतो. तो मेलेला माणूस कथेत पुढे उरतो, तो फक्त वेलणकरची अडचण म्हणून. मग वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःहून ठाण्यात हजर होतो. आमच्या खेळाला थिएटर टाळ्यांनी दणाणलं. आदल्याच वर्षी, ११ जानेवारी १९८२ला, वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी पडला होता. शहराला अशा मरणाची चटक लागत होती. निहलानींना टाळ्या नको असाव्यात, असं त्या थंड शेवटावरून वाटतं. पण आधीच्या सगळ्या कोंडमाऱ्यानं प्रेक्षकाला त्यांनीच तिथवर आणलं होतं.

वडिलांनी टाळी वाजवली नाही. दादरहून आम्ही चालतच निघालो. हिंदमाता आलं तरी ते गप्प होते. मग म्हणाले, “त्या चोराचं नाव काय होतं गं?”

मला आठवेना. आईलाही सांगता येईना.

“त्या रात्री स्टेशन डायरी कुणी लिहिली असेल,” ते म्हणाले, “तो नक्की हवालदारच असणार.”

घरी आल्यावर त्यांनी पट्टा खिळ्याला अडकवला. त्या रविवारी सुट्टी असूनही बक्कल तसंच राहिलं.